पहाटेची सोबत

पहाटे उठावें, मोकळ्या हवेंत चालावें-धांवावें, शरीर हलकें आणि मन प्रसन्न ठेवावें, हा उपदेश ज्यानें ऐकला नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. आम्हीं तो लहानपणीं आजोबांच्या तोंडून ऐकला, शाळेंत गुरुजींच्या तोंडून ऐकला, आणि चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांच्या तोंडून ऐकत आहों. उपदेशाची वाण आपल्या समाजांत कधींच नव्हती. वाण आहे ती तोच उपदेश पहाटे पांच वाजतां, पांघरुणाच्या आंत असतां, आठवण्याची. रात्रीं दहा वाजतां निश्चय करणारा मनुष्य आणि पहाटे पांच वाजतां गजर बंद करणारा मनुष्य हे दोघे एकाच देहांत राहत असले तरी त्यांची परस्परांशीं ओळख नसते, असा आमचा अनुभव आहे.

आमचें गांव रेणापूर. लातुराहून अंबाजोगाईस जाणाऱ्या रस्त्यावर, लातुरापासून सुमारें २० किलोमीटरांवर, रेणा नदीच्या कांठचें हें तालुक्याचें गांव. रेणुकामातेचें देऊळ ही त्याची मुख्य खूण. मोठ्या शहरांत पहाटे फिरणाऱ्यांसाठीं उद्यानें असतात, आंखून दिलेल्या वाटा असतात. आमच्याकडे आहे तो डांबरी रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंस शेतें. गांवांत पहाटे उठणारे कमी नाहींत. दूध काढणारे उठतात, नळाच्या पाण्याची वाट पाहणारे उठतात, पहिल्या एस. टी. नें लातुरास शिकवणीला जाणारे विद्यार्थी उठतात. उठत नाहींत ते आमच्यासारखे, ज्यांचें पोट टेबल-खुर्चीवर चालतें ते.

अशा आम्हां पांचजणांनीं २०२३ सालीं धांवण्याचा निश्चय केला. एक वकील, एक शाळामास्तर, एक औषधांचे दुकानदार, एक बँकेंतून निवृत्त झालेले अधिकारी आणि पांचवे आम्ही. निमित्तें दोन घडलीं. त्या वर्षीं १ ऑक्टोबर रोजीं चीनमधील हांगझोऊ येथें आशियाई क्रीडास्पर्धेंत अविनाश साबळे यानें ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. साबळे हा बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांतल्या मांडव्याचा. म्हणजे आमच्या मराठवाड्याचाच. आईबाप वीटभट्टीवर राबणारे, आणि शाळा सहा किलोमीटर दूर, म्हणून लहानपणीं शाळेस धांवत जाणारा हा मुलगा पुढें सैन्यांत गेला आणि तेथें धांवपटू झाला. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्याचें सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यानें हुकलें होतें. त्याच्या विजयाचें वृत्त वाचून आमच्यापैकीं कोणास अडथळे ओलांडण्याची हौस झाली नाहीं. परंतु आपणही निदान बसस्थानकापर्यंत धांवून पाहावें, असें मात्र पांचहीजणांना वाटलें.

दुसरें निमित्त अधिक गंभीर होतें. आमच्या वकील स्नेह्यांच्या रक्तांत साखर वाढलेली आढळली होती. त्यांचे वडील वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, कचेरींतून येऊन बूट काढीत असतां, हृदयविकारानें गेले. वकिलांना त्या सालीं त्रेपन्नावें लागलें होतें. ते याविषयीं कधीं बोलत नसत. परंतु ज्या दिवशीं तपासणीचा कागद हातांत आला, त्या दिवशीं त्यांनीं आमच्या ओसरीवर येऊन एवढेंच म्हटलें, "एकट्यानें होणार नाहीं हो माझ्याच्यानें. तुम्ही येत असाल तर येतों."

विजयादशमीच्या मुहूर्तावर, २४ ऑक्टोबरास, पहाटे सवापांच वाजतां आम्ही देवळाच्या वाटेवर जमलों. सीमोल्लंघन म्हणून त्या दिवसाचें औचित्य मोठें होतें, आणि उत्साह तर औचित्याहूनही मोठा होता. पहिल्याच दिवशीं बँकवाले इतक्या वेगानें सुटले कीं दोनशें पावलांवर जाऊन पोट धरून बसले. मास्तर सर्वांत चपळ. ते पुढें निघून जात आणि परत येतांना वाटेंत आम्हांस भेटत. वकील सर्वांत मागें. औषधवाले कधीं त्यांच्याबरोबर राहत, कधीं मास्तरांना गांठण्याचा यत्न करीत, आणि दोन्ही ठिकाणीं अपुरे पडत. अशा रीतीनें पांच मित्र एका रस्त्यावर, परंतु एकेकटेच, धांवत होते. ही आमची पहिली चूक. ती आम्हांस कित्येक दिवस चूक म्हणून दिसलीच नाहीं.

दुसरी चूक अधिक गोड होती. धांवून झाल्यावर पाळीपाळीनें एकेकाच्या घरीं चहा घ्यावा, असें ठरलें. चहाबरोबर पोहे आले. पोह्यांमागून उपमा आला. कार्तिकांत एकदां थालीपीठही झालें. गप्पांस रंग चढूं लागला. धांवणें वीस मिनिटें आणि बैठक तासभर, असें प्रमाण पडलें. आम्हांस वाटे, मंडळ जमलें!

मार्गशीर्ष लागला आणि मंडळ विस्कटूं लागलें. प्रथम औषधवाल्यांना सर्दी झाली. मग मास्तरांची सहामाही परीक्षा आली. बँकवाल्यांना मुलाकडे पुण्यास जावें लागलें. उरले वकील आणि आम्ही. एके पहाटे आम्हीं मनाशीं म्हटलें कीं वकील आज येणार नाहींत. आणि, पुढें कळलें कीं, त्याच पहाटे वकिलांनीं आमच्याविषयीं तेंच म्हटलें. दोघेही आपापल्या घरीं, दुसरा येणार नाहीं या भरवशावर, स्वस्थ निजून राहिलों. त्यानंतर पंधरा दिवस कोणीच कोणाला विचारलें नाहीं. विचारणारास स्वतःचेंही उत्तर द्यावें लागलें असतें.

या अपयशाची मीमांसा आम्हीं करण्यापूर्वींच आमच्या वहिनींनीं ती करून टाकली. आमचें घर एकत्र कुटुंबाचें. आई, वडील बंधु, वहिनी, आमची पत्नी, दोन्ही घरचीं मिळून चार मुलें. एके दिवशीं जेवतांना बंधूंनीं थट्टेनें विचारलें, "काय, सीमोल्लंघन संपलें वाटतें?" त्यावर वाढतां वाढतां वहिनी म्हणाल्या, "संपलें तें बरेंच झालें. भाऊजी, राग मानूं नका. पण तुम्ही पांच वाजतां उठत होतां, त्यासाठीं आम्ही साडेचारला उठत होतों. धांवणारे पांच आणि पोहे करणाऱ्या दोन. व्यायाम नक्की कोणाचा चालला होता, तें एकदां डॉक्टरांना विचारा."

जेवणघरांत सर्वजण हंसले. आम्हीही हंसलों, परंतु तें वाक्य आम्हांस त्या रात्रीं झोंप येऊं देईना. पहाटे उठण्याचा जो सद्गुण आम्ही आपला म्हणून मिरवीत होतों, तो दुसऱ्या कोणाच्या त्याहूनही लवकर उठण्यावर उभा होता. शिवाय ज्यांस खऱ्या विश्रांतीची आणि मोकळ्या हवेची गरज, त्या घराबाहेर पडतच नव्हत्या. त्या वर्षीं मराठवाड्यांत पाऊस कमी झालेला. आमच्या आळींत नळाला पाणी कधीं येईल याचा नेम नसे. आलें म्हणजे बहुधा पहाटेच येई, आणि तें भरण्यासाठीं उठणाऱ्या माणसांत आमचें नांव कधींच नव्हतें.

याच सुमारास घरांत दुसरा एक प्रश्न उभा राहिला. आमची पुतणी पदवीधर झाली होती आणि तिनें पोलीस शिपायाच्या भरतीस बसण्याचें ठरविलें होतें. या भरतींत लेखी परीक्षेआधीं मैदानी चांचणी असते. तिचे गुण पन्नास. मुलांस १६०० मीटर धांवावें लागतें, मुलींस ८०० मीटर. शिवाय दोघांसही १०० मीटरांची धांव आणि गोळाफेक. पन्नासांतील वीस गुण एकट्या लांब धांवेस. मराठवाड्यांतील कोणत्याही गांवच्या रस्त्यावर पहाटे जाऊन पाहावें; हातांत घड्याळ बांधून अनवाणी किंवा स्वस्तांतील बूट घालून धांवणारीं पंचवीस-तीस मुलें दिसतील. त्यांच्या घरीं बहुधा दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असते, आणि ती सरकारी नोकरी हीच घरादाराची आशा असते. आमच्या पुतणीला त्या रस्त्यावर जावयाचें होतें.

बंधूंना तें पटत नव्हतें. आपल्या घरांतील मुलीनें पोलिसांत जावें ही कल्पनाच त्यांना नवी होती. परंतु ते सुशिक्षित. ती हरकत उघडपणें घेणें त्यांना शोभेना. म्हणून ते म्हणत, "अंधारांत एकटीनें रस्त्यावर जाणें योग्य नाहीं." आणि ही हरकत, दुर्दैवानें, खोटीही नव्हती. मुलगी हट्टानें गच्चीवर धांवे. अठरा पावलांची गच्ची. एका फेरींत चार वळणें. तिचा गुडघा दुखूं लागला, तेव्हां गोष्ट आईच्या कानांवर गेली.

आमच्या आईचें वय ऐंशीच्या पुढें आहे. तिनें सर्वांना देवघरासमोर बसविलें आणि आमच्याकडे पाहून म्हटलें, "तुला उठवायला कोणी नाहीं, आणि हिला सोबतीला कोणी नाहीं. एवढें शिकून तुम्हांला हें गणित सुटत नाहीं का रे? उद्यांपासून हिनें तुला उठवायचें आणि तूं हिच्याबरोबर जायचें." मग बंधूंकडे वळून ती म्हणाली, "आणि तूं पाणी भरायचेंस." निकाल लागला. अपीलास जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशीं पहाटे पुतणीनें आमच्या दारावर थाप मारली. गजराचें घड्याळ बंद करतां येतें; दाराबाहेर बूट बांधून उभी राहिलेली, "काका, झालें का?" असें विचारणारी मुलगी बंद करतां येत नाहीं. आम्ही उठलों. वाटेंत वकिलांच्या घरावरून जातांना हांक मारली. ते आंतून म्हणाले, "आज राहूं द्या." त्यावर पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही आलां नाहींत तर माझे बाबा उद्यां मलाही पाठवणार नाहींत." पांच मिनिटांत वकील बाहेर आले. आठवड्याभरांत पांचही जमले. मास्तरांच्या शाळेंतील दोन माजी विद्यार्थिनी, ज्या भरतीचीच तयारी करीत होत्या, त्याही आल्या. मंडळ पुन्हा उभें राहिलें, आणि या खेपेस तें टिकलें.

तें कां टिकलें, याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला आणि थोडें वाचनही केलें. पहिल्या खेपेस आम्ही प्रत्येकजण स्वतःसाठीं जात होतों, आणि मनुष्य स्वतःशीं केलेला करार फार सहज मोडतो. दुसऱ्या खेपेस आपण गेलों नाहीं तर दुसऱ्याचें नुकसान होईल, हें प्रत्येकास दिसत होतें. जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो कोहलर यांनीं १९२६-२७ च्या सुमारास बर्लिनमधील नावा वल्हविणाऱ्या तरुणांवर प्रयोग केले. वजन उचलण्याचें काम एकट्यानें करावयाचें असतां जो गडी लवकर दमे, तोच जोडीनें करतांना, आपण थांबलों तर जोडीदाराचेंही काम थांबेल हें जाणून, अधिक वेळ टिकाव धरी. यांत मौज अशी कीं जोडीदारांच्या शक्तींत थोडाबहुत फरक असला तर हा परिणाम अधिक दिसे; फरक फारच मोठा असला कीं दुर्बळाचा धीर सुटे. मास्तर पुढें निघून जात आणि वकील मागें एकटे पडत, तेव्हां नेमकें हेंच घडत होतें.

सोबतीचा महिमा थोरांनाही चुकलेला नाहीं. इंग्लंडांत वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या रॉजर बॅनिस्टर यांनीं ६ मे १९५४ रोजीं ऑक्सफर्ड येथें एक मैल अंतर ३ मिनिटें ५९.४ सेकंदांत कापलें आणि चार मिनिटांची मर्यादा जगांत प्रथम ओलांडली. त्या शर्यतींत प्रथम ख्रिस ब्रॅशर आणि नंतर ख्रिस चॅटअवे हे त्यांचे दोघे मित्र पुढें धांवून त्यांचा वेग राखीत होते. केनियाच्या एलियुड किपचोगे यांनीं १२ ऑक्टोबर २०१९ रोजीं व्हिएन्ना येथें मॅरेथॉनचें अंतर दोन तासांच्या आंत पुरें केलें, तेव्हां त्यांच्याभोंवतीं पाळीपाळीनें धांवणारे ४१ सोबती होते. ज्यांच्यासारखे पाय जगांत दुसऱ्या कोणाचे नाहींत, त्यांनाही सोबत लागते. मग आम्हीं ती मागण्यांत लाज ती कसली?

आपल्या महाराष्ट्रांतही ही परंपरा जुनी आहे. १९०६ सालीं पुण्यास डेक्कन जिमखाना स्थापन झाला. तेथील शर्यतींत खेड्यापाड्यांतील गडी अनवाणी धांवतांना सर दोराबजी टाटा यांनीं पाहिले. या गड्यांस जगाच्या मैदानावर पाठवावें असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकांत हिंदुस्थानचा लहानसा संघ गेला. बेळगांवचे फडेप्पा चौगुले त्यांत मॅरेथॉन धांवले आणि १९ वे आले. त्याच शर्यतींत आपले सदाशिव दातारही होते. त्यांस ती पुरी करतां आली नाहीं. आपण नांव घेतों तें बहुधा पोंचणाराचें. परंतु पुण्याच्या सरावांत, त्या सातासमुद्रांपलीकडील प्रवासांत आणि त्या अपरिचित रस्त्यावर चौगुल्यांच्या सोबतीस आपल्या मुलुखाचा दुसरा कोणी होता, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

आतां अनुभवानें ठरलेले आमचे कांहीं नियम वाचकांच्या उपयोगीं पडतील म्हणून सांगतों.

पहिला नियम हांकेचा. मोबाईलवरील निरोपावर विसंबावयाचें नाहीं. "येतों" असें लिहून मनुष्य पुन्हा निजूं शकतो. ज्याचें घर वाटेवर त्याच्या दाराशीं जाऊन हांक मारावयाची. आदल्या रात्रीं बूट आणि कपडे दाराशीं काढून ठेवावयाचे. पहाटेच्या मनुष्यावर शोधण्याचें काम टाकूं नये, तें निमित्तच शोधीत असतें.

दुसरा नियम वेगाचा. जो सर्वांत हळू तो सर्वांत पुढें. जातांना त्याच्याच वेगानें सर्वांनीं धांवावयाचें. परततांना ज्याला पळावयाचें त्यानें पळावें. धांवतां धांवतां बोलतां यावें, परंतु गातां येऊं नये, इतपतच जोर असावा. पहाटे शरीराचें उष्णमान दिवसांतील सर्वांत खालच्या पातळीच्या जवळ असतें, स्नायू आंखडलेले असतात. म्हणून प्रथम दहा मिनिटें नुसतें चालावें. चाळिशीपुढील मंडळींनीं, विशेषतः साखर, रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असल्यास, आरंभापूर्वीं वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटें जोराचा व्यायाम पुरेसा सांगितला आहे. हिशेब केला तर रोज वीस-पंचवीस मिनिटांचें काम. पदकें मिळवावयाचीं नसतील, तर याहून अधिक शौर्याची आवश्यकता नाहीं.

तिसरा नियम खाड्याचा. एक दिवस चुकला तर कोणी कांहीं बोलावयाचें नाहीं. लागोपाठ दोन दिवस चुकले तर संध्याकाळीं घरीं जाऊन प्रकृति विचारावयाची. लंडनच्या विद्यापीठांत फिलिपा लॅली यांनीं ९६ लोकांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. तो २०१० सालीं प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणीं पडण्यास मध्यम हिशेबानें ६६ दिवस लागले. कोणास १८ च, तर कोणास २५४ लागतील असें दिसलें. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानें कोणाची सवय मोडली नाहीं. आपल्याकडे व्रत मोडलें कीं सर्वच सोडून देण्याची जी प्रवृत्ति आहे, तिला हें चांगलें उत्तर आहे. दिवस मोडतो, व्रत मोडत नाहीं.

चौथा नियम वेळेचा. आपल्या शास्त्रांत सांगितलेला ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वीं ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा. तो घड्याळाचा ठरावीक तास नव्हे. तो सूर्याबरोबर सरकतो. आमच्या भागांत जूनमध्यें सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारींत जवळजवळ सात वाजतात. म्हणजे पूर्वजांनीं थंडीच्या दिवसांत माणसास तासाभराची अधिक झोंप दिली होती. ती आम्हीं गजराला देऊन बसलों. आमच्या मंडळानें ती परत घेतली. पौषांत आम्ही पावणेसहाला निघूं लागलों आणि वैशाखांत पांचाच्याही आधीं. कारण आमच्याकडील उन्हाळ्यांत सूर्य वर आला कीं धांवणें हा व्यायाम राहत नाहीं.

पांचवा नियम रस्त्याचा. आमच्या तालुक्यांत साखर कारखाने आहेत, आणि हिंवाळ्यांत उसानें भरलेलीं वाहनें रात्रभर रस्त्यावरून जात असतात. कित्येकांच्या मागें दिवा नसतो. म्हणून मुख्य रस्ता सोडून शेताकडील वाट धरावी. तें शक्य नसेल तेव्हां समोरून येणारें वाहन दिसेल अशा रीतीनें उजव्या कडेनें, एकामागें एक जावें. अंगांत पांढरे कपडे आणि हातांत दिवा असावा. शेवटच्या मनुष्यामागें कोणी नसावें, हाही नियमच. म्हणून एक धडधाकट गडी नेहमीं मागें ठेवतों.

सहावा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि तो वहिनींचा. परत आल्यावर कोणाच्याही घरीं फराळ नाहीं. चहा हवा तर ज्यानें त्यानें आपल्या घरीं, आपल्या हातानें करून, घरांतील इतरांसही द्यावा. पुतणी पहाटे बाहेर पडूं लागल्यावर तिचें सकाळचें काम वहिनींच्या पाठीवर पडलें असतें. एकीचा व्यायाम दुसरीवर लादल्यासारखें झालें असतें. म्हणून सडा आणि दूध मुलांकडे गेलें, पाणी बंधूंकडे गेलें, आणि चहा आमच्याकडे आला. प्रथम प्रथम आमच्या चहास आईनें "काढा" हें नांव दिलें होतें. आतां ती तो मागून घेते.

पुतणीस आरंभीं ८०० मीटरांस चार मिनिटांहून अधिक लागत. मास्तर हातांत घड्याळ घेऊन उभे राहत. माजी विद्यार्थिनी तिच्या पुढें-मागें धांवत. आणि वकील शेवटच्या वळणावर उभे राहून, न्यायालयांत कधीं काढला नसेल अशा आवाजांत, तिला प्रोत्साहन देत. चैत्रापर्यंत तिची वेळ साडेतीनावर आली. त्या भरतींत राज्यांत सतरा हजारांहून अधिक जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांहून अधिक. १९ जून २०२४ पासून मैदानी चांचण्या सुरू झाल्या. तिच्या दिवशीं तिला सोडावयास बंधु स्वतः गेले. परत आल्यावर ते आम्हांस म्हणाले, "तिच्या रांगेंतल्या एका मुलीजवळ बूट नव्हते. हिनें आपली धांव झाल्यावर तिला आपले दिले." एवढें बोलून ते पाणी भरावयास गेले. त्यानंतर त्यांनीं या विषयावर हरकत घेतली नाहीं.

मैदानांत ती उत्तीर्ण झाली. लेखी परीक्षेस बसली. परंतु निवडीची यादी लागली, तींत तिचें नांव नव्हतें. तिच्याबरोबरच्या दोघींपैकीं एकीचें होतें.

त्या रात्रीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. पहाटे थाप मारण्याचें काम तिचें. ती मारील अशी अपेक्षा करणें आम्हांस निष्ठुरपणाचें वाटलें. तरी संवयीनें जाग आली. आम्ही दबकत बाहेर आलों, तों ओसरीबाहेर अंधारांत वकील, मास्तर, औषधवाले आणि बँकवाले, चौघेही उभे. कोणी हांक मारीना. हांक मारावी तर मुलीवर जुलूम, न मारावी तर तिला एकटी सोडल्यासारखें. असे पांच वडीलधारे पुरुष, एका वाक्यावाचून, पांच मिनिटें तिष्ठत राहिलों. मग स्वयंपाकघरांत दिवा लागला. दार उघडून प्रथम वहिनी बाहेर आल्या. पायांत मुलीचे जुने बूट, पदर कमरेला खोंचलेला. त्यांच्या मागून पुतणी. ती म्हणाली, "आजपासून आई पण येते आहे. ती हळू चालते, म्हणून ती पुढें."

नियमाप्रमाणें आम्ही सर्व वहिनींच्या मागें निघालों.

पुतणी पुढच्या भरतीची तयारी करीत आहे. जी निवडली गेली ती सुटींत आली म्हणजे रस्त्यावर येऊन तिची वेळ मोजते. वकिलांची गोळी बंद झालेली नाहीं. डॉक्टरांनीं ती निम्मी मात्र केली आहे. मध्यंतरीं त्यांचें चौपन्नावें वर्ष पुरें झालें. त्या पहाटे त्यांनीं परततांना थांबून बूट काढले, बांधावर ठेवले, आणि घटकाभर उगवतीकडे पाहत बसले. कां, तें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. कोणीं विचारलें नाहीं. मग त्यांनीं बूट पुन्हा घातले, दोऱ्या नीट बांधल्या, आणि म्हणाले, "चला, उशीर होतो आहे. चहा माझ्याकडे करावयाचा राहिला आहे."